धूळपाटी

आमची आणि इंग्रजीची गाठ पडली पाचवीत, चार रेघांच्या वहीत. बाहेरच्या दोन रेघा लाल, आतल्या दोन निळ्या. 'ए'चं पोट निळ्या रेघांमध्ये बसवायचं, 'एल'ची मान वरच्या लाल रेघेला टेकवायची, 'जी'ची शेपटी खालच्या लाल रेघेपर्यंत सोडायची. मराठी अक्षर वरच्या रेघेला लटकतं आणि इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर उभं राहतं, हे आम्हाला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. ते हाताला कळलं. पुढे २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं आणि ही गाठ चार वर्षं अलीकडे सरकली. आमची पिढी पाचवीवाली. घरात इंग्रजीचा एक शब्द नाही, गल्लीत नाही, आणि वहीत मात्र रोज एक पान.

आठवीपासून निबंधाची वेगळी वही आली. तिला खाकी कव्हर, कव्हरावर लेबल, लेबलावर ठेवणीतलं अक्षर. रविवारी संध्याकाळी पेनात शाई भरायची. निब कोमट पाण्यात धुवून जुन्या सुती कापडाच्या तुकड्याने पुसायचं आणि पाठीमागच्या पानावर रेघोट्या मारून शाई नीट उतरते का पाहायचं. टीपकागद जपून वापरायचा. सोमवारी मॉनिटर वह्या गोळा करायचा आणि संध्याकाळी सरांच्या सायकलच्या कॅरिअरवर, ट्यूबच्या पट्टीने आवळलेला आमच्या वह्यांचा गठ्ठा वेशीबाहेर जाताना दिसायचा. त्या गठ्ठ्यात आपण आहोत, आज रात्री सरांच्या घरी कंदिलाखाली किंवा बल्बखाली आपलं पान उघडलं जाणार, या विचाराने पोटात गोळा यायचा. गुरुवारी वह्या परत आल्या की कुणीही निबंध उघडत नसे, सगळे शेवटचा शेरा आधी बघत. 'गुड', 'रीराइट', किंवा नुसती सही. नुसती सही सगळ्यांत वाईट, कारण तिच्यातून काहीच कळायचं नाही.

आता मी ज्या कॉलेजात इंग्रजी शिकवते, तिथे निबंध माझ्याकडे रात्री उशिरा, बोटाच्या एका टोल्याने येतो. गठ्ठा नाही, कॅरिअर नाही, शाई नाही. कोणी कधी पाठवला त्याची मिनिटासकट नोंद असते. मी शेरा समासात टाइप करते आणि तो त्याच क्षणी मुलाच्या फोनवर जाऊन वाजतो. सोमवार ते गुरुवार असं वाट पाहणं आता उरलेलं नाही. ते चांगलंच झालं, असं मला दिवसाच्या उजेडात वाटतं. वाट पाहण्यात आमचे किती दिवस वाया गेले! आणि तरीही त्या तीन रात्रींत आपण लिहिलेली वाक्यं मनात पुन्हा पुन्हा फिरत असायची, अंथरुणात पडल्यावर एखादी चूक आपोआप सापडायची, हे खरं आहे. तसं आता कुणाच्या बाबतीत होतं का, मला दिसत नाही.

पण त्या वह्यांत होतं काय, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. 'माय फेव्हरिट टीचर', 'अ रेनी डे', 'ऑटोबायोग्राफी ऑफ अ‍ॅन अम्ब्रेला'. चाळीस वह्या आणि चाळीस वह्यांत तीच छत्री, त्याच दुकानात विकली गेलेली, त्याच आजोबांनी विसरलेली. सर फळ्यावर मुद्दे लिहायचे, गाईडात वाक्यं असायची, आम्ही पाठ करून उतरवायचो. घरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असायची, एखाद्याच्या मोठ्या भावाची रेन आणि मार्टिनची जाडजूड प्रत असायची. व्याकरणाचा पाया त्यांनी पक्का केला, ते ऋण मी नाकारत नाही. मात्र दहावीपर्यंत मी इंग्रजीत माझ्या मनातलं एकही वाक्य लिहिलं नाही. लिहायला सांगितलंच नाही कुणी. मुलींना तर वर्गात इंग्रजी वाचायलाही क्वचित उठवत. आणि स्पेलिंग चुकलं की बोटांच्या पेरांवर पट्टी बसायची, तिच्या उभ्या कडेने. आमच्यातल्या कित्येकांना आजही अर्ज लिहिताना हात आखडल्यासारखा होतो तो त्या पट्टीमुळे. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी ती पट्टीही आठवावी.

लाल शाईचं तर मी स्वतःवरून सांगू शकते. मराठीत 'पासून' एकच. सोमवारपासून, दोन तासांपासून, लहानपणापासून. इंग्रजीला त्यासाठी दोन शब्द लागतात. गोष्ट सुरू कधी झाली ते सांगायचं तर 'सिन्स', किती काळ चालली ते सांगायचं तर 'फॉर'. माझ्या वहीत 'सिन्स टू अवर्स' नववीत आहे, दहावीत आहे, अकरावीतही आहे. दर वेळी त्याभोवती लाल गोल, दर वेळी खाली दहा वेळा लिहून काढलेली दुरुस्ती, आणि पुढच्या निबंधात पुन्हा तेच. पुढे एम.ए.ला असताना जॉन ट्रस्कॉट यांच्या १९९६ सालच्या लेखाबद्दल वाचलं. दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्यांच्या व्याकरणाच्या चुका अशा दुरुस्त करत बसण्याचा उपयोग होत नाही, उलट नुकसान होतं, ती दुरुस्ती सोडूनच द्यावी, असं त्यांचं म्हणणं. १९९९ साली डेना फेरिस यांनी त्याला उत्तर दिलं, की दुरुस्ती कशी करता यावर सगळं अवलंबून आहे. तो वाद अजून मिटलेला नाही. मला वाचता वाचता आठवली ती माझी वही. सरांनी इतक्या रात्री जागून काढलेले ते लाल गोल फुकट गेले होते, आणि त्या गोलांतून कुणीतरी आपलं पान अक्षर न् अक्षर वाचलंय एवढं मात्र मला पक्कं कळलं होतं. ह्या दोन गोष्टींची सांगड मला आजही घालता येत नाही.

मग आम्ही शिकवायला लागलो आणि एक वेगळंच दार उघडलं. साल २००७. ब्लॉग लिहायची सोय तोवर आठ वर्षांची झाली होती, पण आमच्या तालुक्याला ती नवी होती. कॉलेजात संगणकांची एक खोली होती, चपला बाहेर काढून आत जायचं, दाराला दोन कुलपं. भारनियमनाचे दिवस. वीज असेल तेव्हा तास, नसेल तेव्हा कागद. मुलं आधी कागदावर लिहीत आणि वीज आली की आळीपाळीने टाइप करत, एका संगणकावर तिघं. मी वर्गाचा एक ब्लॉग काढला आणि पहिल्यांदाच सांगितलं, की मला छत्री नको, तुमचं काहीतरी लिहा.

एका मुलीने एसटीबद्दल लिहिलं. सकाळी साडेसहाची गाडी, पासवाल्या मुली, कंडक्टरला सगळ्यांची गावं तोंडपाठ, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की गाडी अलीकडेच थांबते आणि मग तास बुडतो. दीड पान. चुका बऱ्याच होत्या, 'सिन्स'ही होताच. आठवड्याभराने त्याखाली मस्कतहून एका मराठी गृहस्थांनी दोन ओळी लिहिल्या. ते आमच्याच तालुक्यातले, त्याच गाडीने कॉलेजला जात असत. त्यांनी विचारलं होतं, गाडी अजून ओढ्याच्या अलीकडेच थांबते का? ती मुलगी धावत स्टाफरूममध्ये आली. तिला उत्तर द्यायचं होतं आणि चुकायचं नव्हतं. तिने कागदावर तीनदा लिहिलं, तीनदा मला दाखवलं. तिसऱ्या वेळी 'सिन्स'च्या जागी 'फॉर' होता. मी काही सांगितलं नव्हतं. आमच्या सरांच्या दहा दहा दुरुस्त्यांनी जे झालं नाही, ते ओढ्याबद्दलच्या एका प्रश्नाने झालं, आणि त्या दिवशी मला आमच्या छत्र्यांचा फार राग आला. आमच्या वेळी आम्हाला हे का नाही मिळालं?

वहीला एकच वाचणारा होता आणि तो गुण द्यायला बसलेला. ब्लॉगला वाचणारा कोण येईल याचा नेम नव्हता आणि तो फक्त काय म्हणायचंय ते बघायचा. वहीतलं लिहिणं वर्ष संपलं की रद्दीत जायचं. ब्लॉगवरचं लिहिणं राहील असं आम्हाला वाटायचं.

दुसऱ्या वर्षी आम्ही विकी केलं. विकीची कल्पना वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाची, १९९५ सालची. होनोलुलूच्या विमानतळावर 'विकी विकी' नावाची बस होती, हवाई भाषेत त्याचा अर्थ चटकन, झटपट. त्यावरून हे नाव. ज्याला वाटेल त्याने पान उघडावं, बदलावं, पुढे जावं. आमच्या वर्गाने मिळून आपल्या आठवडी बाजारावर इंग्रजीत एक पान लिहायचं ठरवलं. आणि तिथे जे अडलं त्याची मी कल्पना केली नव्हती. कुणी दुसऱ्याच्या वाक्याला हातच लावेना. "मॅडम, त्याचं वाक्य मी कसं खोडू?" वाक्य उघड चुकलेलं, पण मित्राचं. खोडणं म्हणजे अपमान, कारण खोडण्याचा अधिकार फक्त लाल शाईचा, हे आम्ही इतकी वर्षं शिकवलेलं. मुलं खाली आपलं नवं वाक्य जोडत आणि वरचं तसंच ठेवत. तीन आठवडे ते पान म्हणजे वेगवेगळ्या हातांची रांग होती.

ते सुटलं हुरड्यावरून. जानेवारीचा बाजार, हुरड्याची कणसं विकायला आलेली. एकाने लिहिलं, 'फ्राइड जवार'. हे मात्र कुणाला सहन झालं नाही. दुसऱ्याने 'फ्राइड' काढून 'बर्न्ट' केलं. तिसरी म्हणाली, जळलेला हुरडा कोण खातं, आणि 'रोस्टेड' आणलं. मग 'ग्रीन' की 'रॉ' यावर दोन दिवस. एका मुलीने शेवटी 'टेंडर' लिहिलं. हा शब्द तिला कुठे मिळाला विचारलं तर म्हणाली, शहाळ्याच्या गाडीवर 'टेंडर कोकोनट' लिहिलेलं असतं, म्हणजे कोवळं. आगटीला काय म्हणायचं ते मात्र जमलं नाही. गोवऱ्यांच्या निखाऱ्याचा खड्डा असं चार ओळींत सांगून 'आगटी' हाच शब्द त्यांनी इंग्रजी अक्षरांत ठेवला. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो.

विकीच्या पानाला 'इतिहास' असतो. कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, काय काढलं आणि काय घातलं, सगळं खाली साठत जातं. एका मुलाने घाबरून पूर्ण पान पुसलं होतं, ते मी एका क्लिकने परत आणलं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. हुरड्याच्या त्या एका वाक्याचे सतरा बदल इतिहासात होते. मी ते कागदावर छापून घेतले. 'फ्राइड'पासून 'टेंडर'पर्यंतची ती वाट वाचताना मुलं विचार कशी करतात ते मला शिकवायला लागल्यापासून पहिल्यांदा दिसलं.

मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. तिथे सरावासाठी जे पान असतं, जिथे काहीही लिहून पाहावं आणि बिघडलं तरी बिघडलं, त्याला 'धूळपाटी' म्हणतात. इंग्रजीत त्याला वाळूची पेटी म्हणतात, पण आपल्याकडच्या लोकांनी त्याचं भाषांतर करत न बसता घरातला शब्द काढला. माझ्या आजोबांनी धुळाक्षरं गिरवली होती. पाटावर बारीक धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने 'श्री' काढायचा, चुकला की तळहाताने सारखं करायचं. आम्ही दगडी पाटीवर शिकलो, तीही पुसता यायची. पुढे वही आली आणि चूक पुसायची सोय गेली. वहीत खाडाखोड दिसली की गुण कमी. धूळपाटीवरून वहीवर येताना आपण मोठे झालो असं आम्ही समजत होतो, पण त्यात निर्धास्त चुकण्याची जागा गेली, आणि ती आम्हाला पन्नाशीच्या आसपास, संगणकाच्या पडद्यावर, त्याच नावाने परत दिसली.

हे सगळं गोडच होतं असं म्हणणं खोटं ठरेल. २०११ साली पुण्यात विकिमीडिया फाउंडेशनने एक मोठा प्रयोग केला. कॉलेजातल्या शेकडो मुलांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे. मुलं उत्साहाने उतरली आणि पाहता पाहता पुस्तकांतले, संकेतस्थळांवरचे उतारेच्या उतारे जसेच्या तसे तिथे येऊ लागले. जगभरचे स्वयंसेवक ते काढता काढता थकले आणि वर्ष संपायच्या आत तो प्रयोग थांबवावा लागला. त्यावर तेव्हा बरीच टीका झाली, मुलांना दोष दिला गेला. मला त्या मुलांचं वाईट वाटलं. दहावीपर्यंत ज्याने गाईडातला निबंध शब्दशः उतरवला त्याला आपण शाबासकी दिली, आणि अठराव्या वर्षी त्याला अचानक सांगितलं की उतरवणं ही चोरी आहे. परक्या भाषेत स्वतःचं वाक्य करायचं कसं, हे त्याला मधल्या काळात कुणी दाखवलं? त्या उताऱ्यांत मला आमच्या चाळीस छत्र्या दिसत होत्या.

आमचा विकी आता नाही. ज्या सेवेवर तो फुकट ठेवला होता ती २०१८ साली बंद झाली. आधी सूचना आली होती, मजकूर उतरवून घ्या म्हणून. मी पानं उतरवून घेतली, इतिहास मात्र माझ्याकडून राहिला. बाजाराचं पान माझ्याकडे आहे, नेटकं, स्वच्छ. सतरा बदलांचा तो छापील कागद वगळता बाकी सगळी वाट पुसली गेली. ब्लॉग आहे, तिकडे कुणी फिरकत नाही. मस्कतच्या गृहस्थांच्या दोन ओळी अजून तिथे आहेत. वही रद्दीत जाते म्हणून आम्ही हळहळायचो आणि हे राहील म्हणून निश्चिंत होतो. माझ्या निबंधाच्या दोन वह्या आईच्या ट्रंकेत अजून शाबूत आहेत.

आणि आताची मुलं निर्दोष इंग्रजी पाठवतात. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅट-जीपीटी आलं, त्यानंतर वर्षभरात माझ्याकडे येणाऱ्या निबंधांतून 'सिन्स टू अवर्स' नाहीसं झालं. आर्टिकलं जागच्या जागी, काळ बरोबर, परिच्छेद सारख्या उंचीचे. आम्ही गाईडातून उतरवायचो ते निदान हाताने उतरवायचो आणि उतरवताना चुकायचो, त्या चुकीत तरी आम्ही असायचो. आता लाल शाईला काम नाही, इतिहासाला काही साठवायचं नाही, कारण पान पहिल्यापासून पुरं झालेलंच येतं.

यावर हळहळताना मी स्वतःला अडवते. गेल्या वर्षी ऊसतोड कामगाराच्या मुलीने फोनच्या मदतीने एका कंपनीला पत्र लिहिलं, मुलाखतीला गेली, नोकरी लागली. तिच्या पत्रात एक चूक नव्हती. माझ्या वेळी तिला ते पत्र लिहिताच आलं नसतं. पेठेतल्या कुणाकडे जाऊन, हात जोडून लिहून घ्यावं लागलं असतं. ज्या भाषेने आम्हाला इतकी वर्षं दाराबाहेर उभं केलं, तिचं दार तिच्यासाठी उघडलं याचा मला आनंद आहे आणि तो खोटा नाही. तिने आधी शंभर पानं चुकत चुकत लिहायला हवी होती, असं म्हणण्याचा मला काय अधिकार? तरी मनात एक गोष्ट राहते. त्या पत्रात ती कुठे होती? तिच्या घराचा वास, तिच्या वडिलांची टोळी, तिचं बोलणं, यातलं काहीच त्या पत्रात नव्हतं. पत्रात ते लागत नसेल. पण आणखी कुठे येणार ते, हे मला कळत नाही.

यंदा मी शुक्रवारचा एक तास वेगळा काढलाय. फोन टेबलावर, कोरे कागद, वीस मिनिटं, 'आमचं घर'. पहिल्या शुक्रवारी निम्म्या वर्गाने तीन ओळींवर पेन ठेवलं. चौथ्या शुक्रवारी एक मुलगा कागद घेऊन पुढे आला. "मॅडम, खाडाखोड फार झाली. नवीन कागद घेऊ?" मी म्हटलं, राहू दे, असाच दे.

घरी नेऊन वाचला. वडील मुंबईला वॉचमन आहेत, सणालाही येणं होत नाही, असं त्याला लिहायचं होतं. 'माय फादर इज नॉट होम' आणि त्यापुढे 'सिन्स थ्री इयर्स'. 'सिन्स'वर काट मारून वर 'फॉर' लिहिलेलं. त्यावरही काट, आणि बाजूला पुन्हा 'सिन्स'. पेन इतकं दाबून लिहिलं होतं की कागदाच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं तरी अक्षर लागत होतं. मी लाल पेनाचं टोपण काढलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.